ट्रेकी
‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेच्या निष्ठावंत चाहत्यांना उद्देशून रूढ झालेली बोलभाषेतील संज्ञा. जीन रॉडनबेरी (१९२१–९१) यांची ही विज्ञानकथात्मक मालिका अमेरिकेत ‘एनबीसी’ वाहिनीवरून १९६६ ते १९६९ या काळात प्रथम प्रक्षेपित झाली.

‘ट्रेक’ या शब्दाचे मूळ ‘ओढणे’ या अर्थाच्या डच क्रियापदात आहे. दक्षिण आफ्रिकेतील बोअर लोक बैलगाड्यांच्या तांड्यानिशी जे दीर्घ स्थलांतर करीत, त्यास ‘ट्रेक’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात तो शब्द इंग्रजीत आला. रॉडनबेरी यांनी आपली कल्पना मांडताना पश्चिमेकडे निघालेल्या गाड्यांच्या तांड्यावरील ‘वॅगन ट्रेन’ या मालिकेचा दाखला दिला होता; त्या दृष्टीने हे नाव अन्वर्थकच म्हणावे लागेल.

वादाचे कारण ठरला तो पुढील ‘-ई’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय. मराठीत ‘राम’चा ‘राम्या’ होतो, तेव्हा त्यात सलगी असते किंवा हेटाळणी. इंग्रजीत या प्रत्ययाचेही तसेच आहे. शिवाय वाद्यवृंदांमागे धावणाऱ्या मुलींना लावला जाणारा ‘ग्रूपी’ हा शब्द त्याच दशकात प्रचारात आला होता. न्यूयॉर्क येथील १९६७ च्या जागतिक विज्ञानकथा-संमेलनात मालिकेतील स्पॉकसारखे टोकदार कान लावलेले तरुण पाहून संपादक आर्थर साहा यांनी ‘ट्रेकी’ हा शब्द योजला, असे सामान्यतः मानले जाते. जुन्या विज्ञानकथावाचकांना हे नवे प्रेक्षक उथळ वाटत, ही पार्श्वभूमीही ध्यानात घ्यावयास हवी.

वस्तुतः हा वर्ग निव्वळ हौशी नव्हता. मालिका बंद पडू नये म्हणून १९६७-६८ मध्ये त्याने वाहिनीकडे पत्रांचा वर्षाव केला. ‘स्पॉकनेलिया’सारखी हस्तपत्रे काढली, आणि त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा होता. ‘ग्रूपी’ची छटा त्यांनाच अधिक बोचणारी होती. १९७० च्या सुमारास काही चाहते स्वतःस ‘ट्रेकर’ म्हणवू लागले. ‘-अर’ हा कर्तृवाचक प्रत्यय असल्याने ‘ट्रेकी’ तो भाबडा व ‘ट्रेकर’ तो विचारी, असा भेद कल्पिला गेला. बाहेरच्या जगाने मात्र तो फारसा मानला नाही. या चाहत्यांवरील १९९७ च्या अनुबोधपटाचे नावही ‘ट्रेकीज’ असेच आहे. पुढे अनेकांनी हे नाव अभिमानाने स्वीकारले.

मराठीत सह्याद्रीतील गडकोटांची पदभ्रमंती करणारास ‘ट्रेकर’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्यामुळे या चाहत्यांसाठी ‘ट्रेकी’ हीच संज्ञा मराठीत सोयीची ठरते.