अकोला वर की खाली?

वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावचं एखादं पोर शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात अकोला शोधू लागलं की बोट वर सरकतं. गाडीत बसलं की उलटं होतं. मालेगाव मागे पडतं, पातूरचा घाट लागतो आणि गाडी उतरू लागते. वाशीम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर, तर अकोला तीनशेच्याही आत. नकाशात वर असलेलं गाव जमिनीवर अडीचशे मीटर खाली निघतं.

नकाशात वर म्हणजे उत्तर, एवढंच. तोही निव्वळ संकेत आहे, त्याचा उंचीशी काही संबंध नाही. तरीही ‘नद्या वरून खाली, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात’ हा समज भल्याभल्यांच्या डोक्यात घर करून असतो. तो मोडायला काटेपूर्णा पुरेशी आहे. वाशीमच्या पठारावर उगम पावून ही नदी सरळ उत्तरेची वाट धरते, महानच्या धरणात थांबते, अकोलेकरांची तहान भागवते आणि पुढे पूर्णेला मिळते.

जुन्या माणसांचा असा गोंधळ होत नव्हता. त्यांनी वऱ्हाडाचे दोन भागच पाडले होते, पाईनघाट आणि बालाघाट. फारसीत ‘पाईन’ म्हणजे खालचा आणि ‘बाला’ म्हणजे वरचा. पूर्णेच्या खोऱ्यातला अकोल्याचा सखल मुलूख पाईनघाटात, वाशीम बालाघाटात. (मराठवाड्यातली बालाघाट डोंगररांग वेगळी.) दिशा न सांगता नावातच उंची सांगणारी अशी सोय आजच्या जिल्ह्यांच्या नावांत नाही.

पठाराबद्दलचा गैरसमजही असाच चिवट आहे. पठार म्हणजे टेबलासारखी सपाट जागा, असं पाठ करून परीक्षा पास होता येतं. पण मंगरूळपीरपासून मानोऱ्यापर्यंत सायकल मारणाऱ्याच्या मांड्या वेगळंच सांगतील. आजूबाजूच्या प्रदेशापेक्षा उंच आणि निदान एका बाजूला तीव्र उतार असलेला विस्तीर्ण भूभाग म्हणजे पठार. त्यावर टेकड्या, नाले, दऱ्या सगळं असू शकतं. दख्खनचं पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून बनलं. थरांची झीज कमीजास्त झाली, म्हणून डोंगरांच्या कडांना पायऱ्या दिसतात. या खडकाच्या ‘ट्रॅप’ या नावाचं मूळही जिन्याच्या स्वीडिश शब्दात आहे.

पाणी वाटणारा जलविभाजकही उंच डोंगरच असायला हवा असं नाही. सोयाबीनचा साधा माळही ते काम करतो. दोन आसेगावांचं उदाहरण घ्या. वाशीमच्या आसेगावात पडलेला पाऊस पैनगंगेच्या खोऱ्यात उतरतो. तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला मिळतो. अमरावती जिल्ह्यातल्या आसेगाव पूर्णाचं पाणी मात्र पूर्णा आणि तापीतून अरबी समुद्र गाठतं. नाव एकच, समुद्र दोन! नकाशात गाव शोधताना नुसत्या नावावर विसंबून चालत नाही, अक्षांश-रेखांश लागतात, ते यासाठीच. वाशीम आणि मंगरूळपीर २० ते २१ अंश उत्तर अक्षांश आणि ७७ ते ७८ अंश पूर्व रेखांश यांच्या चौकटीत येतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पद्धतीत या चौकटीचा क्रमांक ५५ एच.

त्या विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. इथेही एक फसगत होते. संपूर्ण भारत दाखवणारा भिंतभर नकाशा ‘मोठ्या प्रमाणाचा’ वाटतो, पण तो लहान प्रमाणाचा. थोडी जागा बारकाईने दाखवतो तो मोठ्या प्रमाणाचा.

याच नकाशांवर तपकिरी समोच्च रेषा असतात. समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या या रेषा दाटीवाटीने आल्या की उतार तीव्र, विरळ झाल्या की सौम्य. एकात एक गोल दिसले की टेकडी, असं मात्र ठोकून देऊ नये. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार पाहा. उल्कापाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर. तिथेही गोलात गोल येतात, पण आकडे आत जाताना कमी होतात. आकडा न वाचणारा खड्ड्यालाच डोंगर समजणार.

समोच्च रेषा फक्त कागदावर असते म्हणावं, तर तीही शेतात आखता येते. समान लांबीच्या दोन काठ्या वरच्या टोकाला बांधायच्या, मध्ये आडवी पट्टी ठोकायची आणि शेंड्यावरून दोरीला दगड टांगायचा. दोरी पट्टीवरच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एकाच उंचीवर. तिथे फक्की टाकायची, एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवायचा आणि पुन्हा दोरी स्थिर होण्याची वाट पाहायची. पाणलोटाच्या कामात समतल चर याच चौकटीने आखतात. फक्कीची ती रेघ उताराला आडवी, वळणं घेत जाते. बांधाशी समांतर क्वचितच. त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, आखणाऱ्याचा हात चुकला.