275 ची वंशावळ

वाशीम जिल्ह्यातला एखादा शेतकरी आज नवा महिंद्रा 275 घेतो, तेव्हा बोनेटवरच्या त्या आकड्याचा उगम कुठला हे त्याला सहसा कुणी सांगत नाही. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या इंग्लंडमधल्या शाखेने 1958 मध्ये बी-275 नावाचा 35 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर बाजारात आणला. 1963 मध्ये महिंद्रा, व्होल्टास आणि हीच कंपनी यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि मुंबईत कांदिवलीला तोच बी-275 तयार होऊ लागला. 1977 मध्ये ही कंपनी महिंद्रात विलीन झाली. आकडा मात्र टिकला. मॅसी 1035 ची गोष्टही अशीच आहे. त्याचे मूळ 1956 च्या फर्ग्युसन एफई-35 पर्यंत जाते. युरोपात जुना ट्रॅक्टर म्हणजे ज्याचे उत्पादन कधीच थांबले आहे असा ट्रॅक्टर. आपल्याकडे साठ-साठ वर्षांपूर्वीचे आराखडे सुधारत सुधारत आजही वावरात राबत आहेत. म्हणून जुन्या ट्रॅक्टरांची आवड हा आपल्याकडे नुसता स्मरणरंजनाचा प्रकार मानता येणार नाही. ज्या यंत्रावर आपली शेती आज उभी आहे, त्याचे मूळ शोधण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

या वंशावळीत एक दुवा फार मोलाचा आहे. सुरुवातीचे ट्रॅक्टर नांगराला साखळीने ओढत. नांगर जमिनीतल्या दगडात किंवा मुळात अडकला की पुढची चाके उचलली जात, ट्रॅक्टर उलटून चालकावर पडे, आणि अशी माणसे मेलीही. हॅरी फर्ग्युसन यांनी नांगर ट्रॅक्टरच्या पाठीशी तीन ठिकाणी जोडला आणि तो उचलण्या-टेकवण्याचे काम तेलाच्या दाबावर सोपवले. त्यामुळे नांगरावर येणारा ताण उलट ट्रॅक्टरची मागची चाके जमिनीत घट्ट रोवू लागला, आणि हलक्या वजनाचे यंत्र जड यंत्राचे काम करू लागले. 1946 पासून दहा वर्षांत त्यांच्या टीई-20 या करड्या रंगाच्या ट्रॅक्टरचे पाच लाखांहून अधिक नग निघाले. ब्रिटनमध्ये आजही हौशी मंडळी ते दुरुस्त करून नांगरणीच्या स्पर्धांत उतरवतात. आपल्याकडे पंजी असो, रोटावेटर असो की पलटी नांगर, मागच्या तीन पिना बसवताना चालक जे करतो, ते याच जोडणीचे रूप आहे.

भारतात जुन्या ट्रॅक्टरांचा छंद म्हटला की नजर पंजाबकडे जाते. सरकारी एचएमटीने 1971 मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या साह्याने पिंजोरला ट्रॅक्टर बनवायला घेतले, आणि 2016 मध्ये तो कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला. तरी एचएमटी 5911 ची पंजाबातली ओढ इतकी खोल आहे की गायक सिद्धू मूसेवाला यांची अंत्ययात्रा 2022 मध्ये त्यांच्या लाडक्या 5911 वरूनच निघाली. मग रास्त आक्षेप असा येतो, की वाशीमचा या इतिहासाशी काय संबंध? इथे ना कारखाना, ना कालव्याचे मुबलक पाणी, ना मोठ्या जमिनी. ट्रॅक्टर आला तोही उशिरा. आक्षेपातली वस्तुस्थिती बरोबर आहे, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. ट्रॅक्टर उशिरा का आला, हाच तर वऱ्हाडाच्या शेतीचा इतिहास आहे.

इथली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात फुगते. एका अर्थाने ती स्वतःच स्वतःला नांगरते. म्हणून वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचे खरे अवजार नांगर नव्हे, वखर होते. दरवर्षी वखराच्या पाळ्या द्यायच्या, तिफणीने पेरायचे, उभ्या पिकात डवरा चालवायचा, एवढ्यावर पऱ्हाटी आणि ज्वारी निघत असे. या कामांना बैलजोडी पुरत होती, आणि सालभर तिला पोसणारा कडबा त्याच ज्वारीतून मिळत होता. खोल नांगरट काही वर्षांनी एकदाच लागे, तीही मुख्यतः कुंदा आणि हराळीची मुळे उपटण्यासाठी. चार-सहा बैल जुंपूनही ते काम जिवावर येई. ट्रॅक्टरची खरी गरज पहिल्यांदा भासली ती इथेच. देशपातळीवरही हेच दिसते. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या ट्रॅक्टर संघटनेने माळवा-बुंदेलखंड पट्ट्यात जमिनी साफ करायला घेतल्या त्या कांस गवताच्या तावडीतून सोडवण्यासाठी, आणि 1949 मध्ये त्यासाठी जागतिक बँकेचे एक कोटी डॉलरचे कर्ज घेतले गेले.

पुढे सोयाबीनने सगळे बदलले. त्याच्या पेरणीला मृगाच्या पावसानंतर मोजकेच दिवस मिळतात. पीक शंभर दिवसांच्या आसपास निघते, आणि हरभरा पेरायचा असेल तर कापणी, मळणी, मशागत सगळे एकावर एक येते. एवढी घाई बैलाला झेपत नाही. त्यात सोयाबीनने ज्वारी हटवली म्हणजे कडबाही हटवला; सोयाबीनचे कुटार त्याची जागा पुरी भरू शकत नाही. ट्रॅक्टरने बैल घालवला असे आपण सर्रास म्हणतो. वाशीमपुरते बोलायचे तर बैलाचा चारा आधी गेला, ट्रॅक्टर त्या रिकाम्या जागी आला. सोयाबीनपूर्वीचा, पंचवीस-तीस अश्वशक्तीचा एखादा जुना ट्रॅक्टर एखाद्या धुऱ्यावर उभा असेल, तर तो या बदलाच्या अलीकडचा नव्हे, पलीकडचा साक्षीदार आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या भागात शेतकरी कर्जाने पिचतो, जिथे ट्रॅक्टरचे हप्ते थकून जमिनीवर बोजा चढतो, तिथे जुन्या यंत्रांचे कौतुक कशाला? मला वाटते, या प्रश्नासाठीच हा इतिहास लिहिला गेला पाहिजे. ट्रॅक्टर कुणी कोणत्या बँकेकडून घेतला, किती एकरांवर तो परवडला, भाड्याच्या नांगरणीने हप्ता सुटला की नाही, हे सारे त्या यंत्राच्या कागदपत्रांत आणि मालकाच्या आठवणीत आहे. ट्रॅक्टर भंगारात गेला की ही नोंदही त्याच्याबरोबर जाते. जुन्या यंत्राची हौस ही श्रीमंतांची चैन, असे मानणेही बरोबर नाही. जुना ट्रॅक्टर इथे चालू राहिला तो गावच्या मिस्त्रीमुळे. दुसऱ्याच मॉडेलचा पंप बसवणे, लाइनर बदलणे, मोडलेला भाग वेल्डिंगने पुन्हा उभा करणे, हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात नाही.

म्हणून चकचकीत रंग देऊन उभा केलेला ट्रॅक्टर माझ्या लेखी दुय्यम आहे. त्याच्यावर झालेले बदल तसेच ठेवणे आणि टिपणे जास्त महत्त्वाचे. केंद्र सरकारने 2021 मध्ये पन्नास वर्षांवरील जुन्या वाहनांसाठी नोंदणीचे खास नियम केले, पण ते दुचाकी आणि मोटारी डोळ्यांसमोर ठेवून. शिवाय वाहन मूळ रूपात असावे ही त्यांची अट. पन्नास वर्षे वावरात राबलेला ट्रॅक्टर मूळ रूपात कसा राहील? जुने ट्रॅक्टर जपण्या-टिपण्याच्या या कामासाठी जागा शोधायला फार लांब जावे लागत नाही. 1998 पर्यंत वाशीम ज्या जिल्ह्यात होते, त्या अकोल्यात 1969 मध्ये स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. ज्यांचे नाव त्याला आहे, ते पंजाबराव केंद्रात कृषिमंत्री असताना 1959 मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले आणि देशोदेशीची शेती आपल्या शेतकऱ्यांना एकाच मैदानात पाहता आली. त्यांच्या जयंतीच्या सुमारास, डिसेंबरअखेर, विद्यापीठात भरणाऱ्या प्रदर्शनाला वाशीम, मालेगाव, रिसोड, कारंजा, मानोरा, मंगरूळपीर इथून शेतकरी जातात आणि तिथे नवी अवजारे पाहतात. त्याच मैदानात नव्या 275 शेजारी एक जुना बी-275 उभा करावा, त्याच्यामागे वखर आणि तीन पिनांचा नांगर ठेवावा, आणि तो चालवलेल्या माणसाला दिवसभर बोलते करून त्याचे म्हणणे टिपून घ्यावे. असे चालक आणि मिस्त्री आज सत्तरी-ऐंशीत आहेत.