समच्छेद अपूर्णांकांची बेरीज

ज्या अपूर्णांकांचे छेद समान असतात, त्यांना समच्छेद अपूर्णांक म्हणतात. त्यांची बेरीज करताना केवळ अंशांची बेरीज करतात व छेद तोच ठेवतात. सूत्ररूपाने: क/ग + ख/ग = (क + ख)/ग; येथे ग शून्य नसावा.

नियमामागील कारण

पूर्णाचे किती समान भाग केले हे छेद सांगतो, म्हणजेच तो भागाचे माप ठरवतो. त्यांपैकी किती भाग घेतले हे अंश सांगतो. बेरजेत भागांची संख्या वाढते, माप बदलत नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती लागू होण्यापूर्वी रुपयाचे १६ आणे होत. ५ आणे व ७ आणे मिळून १२ आणे होतात; तेच ५/१६ + ७/१६ = १२/१६, म्हणजे ३/४ अथवा पाऊण रुपया. बेरजेत ‘आणा’ हे नाव जसे कायम राहते, तसाच छेदही कायम राहतो.

शाब्दिक उदाहरणे

१. यावल तालुक्यातील एका शेतकऱ्याने एक एकर शेतापैकी ३/८ भागात केळी, २/८ भागात कापूस व १/८ भागात मिरची लावली. एकूण किती भाग लागवडीखाली आला?
३/८ + २/८ + १/८ = ६/८ = ३/४.
पडताळा: एकराचे ४० गुंठे, म्हणून १/८ एकर म्हणजे ५ गुंठे. १५ + १० + ५ = ३० गुंठे, म्हणजेच पाऊण एकर.

२. धुळ्यातील एका घरी सकाळी ३/४ लिटर व सायंकाळी ३/४ लिटर दूध येते. ३/४ + ३/४ = ६/४ = ३/२, म्हणजे दीड लिटर. अंश छेदाहून मोठा झाल्यास उत्तर पूर्णांकयुक्त अपूर्णांकात (१ १/२) लिहिता येते.

नेहमी होणारी चूक

अंशांबरोबर छेदही मिळवल्यास ३/८ + २/८ = ५/१६ असे उत्तर येते. परंतु ३/८ म्हणजे ६/१६. म्हणजे केळीच्या क्षेत्रात कापसाचे क्षेत्र मिळवूनही एकूण क्षेत्र केळीच्या क्षेत्राहून कमी ठरते. यावरून चूक तत्काळ ध्यानात येते.

पूर्ण एकच असणे

छेद समान असला तरी दोन्ही अपूर्णांक एकाच पूर्णाचे अथवा समान पूर्णांचे असावे लागतात. २ एकरांच्या शेताचा पाव हिस्सा व ४ एकरांच्या शेताचा पाव हिस्सा मिळून ‘अर्धे शेत’ होत नाही. अर्धा एकर व एक एकर मिळून दीड एकर होतो. जमिनीच्या वा पिकाच्या वाटणीत हा भेद न पाळल्यास एखाद्याचा हिस्सा कमी पडतो.

इतिहास

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ (इ.स. ११५०) या ग्रंथात समान छेदांच्या अपूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीचा हाच नियम आला असून, पूर्णांकास १ हा छेद मानावा असेही सांगितले आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा उल्लेख जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आढळतो.