श्वानाचे पोट आणि श्रावकाचे स्वयंपाकघर

पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, ही आपल्याकडील अनेक घरांतील जुनी रीत. त्या रीतीतला कुत्रा दाराबाहेर उभा असे. पोळी घेई आणि निघून जाई. त्याच्या पचनाची चौकशी करण्याची वेळ कोणावर येत नसे. गेल्या पंधरावीस वर्षांत चित्र पालटले. मुलांच्या हट्टापायी लॅब्रॅडॉर, बीगल, पामेरियन आपल्या सदनिकांत आले, सोफ्यावर बसले आणि घरातील माणसांत गणले जाऊ लागले. त्यांच्याबरोबर दोन प्रश्नही आले. आपल्या शाकाहारी स्वयंपाकघरातून या जिवाचे पोट नीट सांभाळता येते काय? आणि त्याचे पोट बिघडल्यावर त्याला उपाशी ठेवणे आपल्या व्रतात बसते काय? दुसरा प्रश्न वरवर विनोदी वाटतो. तो तसा नाही.

कुत्र्याचे पोट बिघडण्याचे आपल्या घरांतील एक मोठे कारण म्हणजे दूध-पोळी. प्रेमाने कुस्करलेली दूध-पोळी हे श्वानाचे स्वाभाविक अन्न आहे, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. वस्तुतः पिल्लू आईचे दूध सोडते, तसे दुधातील शर्करा पचविणारे पाचकद्रव्य त्याच्या आतड्यात कमी होत जाते. न पचलेली ही शर्करा मोठ्या आतड्यात आंबते, पाणी ओढून घेते, आणि मग पोटात गुरगुर, वायू व पातळ शौच हे चक्र सुरू होते. काही कुत्र्यांना थोडे दूध सोसते, पुष्कळांना सोसत नाही. महिनोन्‌महिने औषधे देऊनही ज्याचे शौच घट्ट होत नाही, त्याचे दूध आठवडाभर पूर्ण बंद करून पाहावे. बिनखर्चाची याहून सोपी परीक्षा नाही. ताज्या दह्यात ही शर्करा कमी असते आणि पनीर करताना ती बहुतांशी पाण्याबरोबर निघून जाते, म्हणून ज्याला दूध बाधते त्यालाही हे दोन पदार्थ अल्प प्रमाणात बहुधा चालतात.

दुसरे कारण सणांचे. पर्युषणानंतरची पारणी, दिवाळी, घरातील लग्नकार्य. साजूक तुपातली मिठाई, आणि आशाळभूत डोळ्यांनी पाहणारा कुत्रा. पाहुण्यांपैकी प्रत्येकाने एकेक तुकडा दिला तरी दहा किलो वजनाच्या जिवाला तो डोंगर होतो. अतिस्निग्ध अन्नाने केवळ जुलाब होऊन भागत नाही; स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. वारंवार ओकाऱ्या, अन्नावरची वासना उडणे, पोट दुखत असल्यामुळे पाठीला बाक काढून उभे राहणे किंवा पुढचे पाय टेकून मागचा भाग उंच धरणे ही तिची लक्षणे. हा विकार जीवघेणा ठरू शकतो.

कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्या आपल्या घरांना येथे एक अनायास लाभ आहे. हे दोन्ही पदार्थ, कच्चे असोत की शिजवलेले, कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. मात्र द्राक्षे, मनुका व बेदाणे आपल्या घरी मुबलक असतात. सांगली-तासगाव भागातील आपल्या कित्येक बांधवांचा तर तो व्यापारच. या फळाने काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. किती खाल्ल्यावर होतील याचे खात्रीचे माप नाही, म्हणून एक बेदाणासुद्धा देऊ नये. द्राक्षातील टार्टारिक आम्ल याला कारणीभूत असावे, असे अलीकडे पशुवैद्यक मानू लागले आहेत, आणि ते चिंचेतही असल्यामुळे आमटी-सार यांपासूनही कुत्र्याला दूर ठेवलेले बरे. चॉकलेट, आणि मधुमेह्यांच्या साखरविरहित गोळ्यांत व च्युइंगममध्ये असणारे झायलिटॉल हीसुद्धा विषेच. लहान मुलांना जुलाबावर जायफळ उगाळून देण्याची आजीबाईंची रीत कुत्र्याला लावू नये. जास्त जायफळ त्याच्या मज्जासंस्थेला बाधते.

आता अकस्मात पोट बिघडले तर काय करावे? पूर्वी पशुवैद्य सरसकट सांगत की, चोवीस तास काही खायला देऊ नका. या सल्ल्याने आपल्याकडील ज्येष्ठांची चलबिचल होते आणि त्यामागे कारण आहे. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत बंध, वध, छेद आणि अतिभारारोपण यांच्या जोडीला अन्नपाननिरोध आहे. आश्रित प्राण्याचे अन्नपाणी अडविणे हा व्रताला लागणारा दोष. मग औषध म्हणून अन्न अडविणे कसे? माझ्या अल्पमतीनुसार, क्रोधाने वा लोभाने उपाशी ठेवणे आणि आतड्याला विसावा मिळावा म्हणून काही तास थांबणे यांत भावाचा भेद आहे, आणि आपल्या दर्शनात भावाला मोल आहे. परंतु समाधानाची गोष्ट ही की, आजचे पशुवैद्यकही दीर्घ लंघनाच्या बाजूने राहिलेले नाही. आतड्याच्या अस्तराला पोषण आतून जाणाऱ्या अन्नातूनच मिळते, असे आढळल्याने शक्य तितक्या लवकर हलके अन्न सुरू करावे, हा विचार आता मान्य होत आहे. ओकाऱ्या चालू असतील तर प्रौढ व एरवी सुदृढ कुत्र्याला आठ-दहा तास अन्न न देणे पुरे. पिल्लाला, अगदी लहान जातीच्या कुत्र्याला किंवा मधुमेही कुत्र्याला तेवढेही घरच्या घरी करू नये. त्यांच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते. आणि पाणी कोणाचेही कधीच अडवू नये. दहा किलोच्या कुत्र्याला एरवीच दिवसाला सुमारे 500 ते 600 मिलिलिटर पाणी लागते. जुलाबात ते वाढते. एकदम वाडगाभर पिऊन तो ओकत असेल, तर दर थोड्या वेळाने दोन-चार चमचे द्यावे. पाणी उकळून गाळून ठेवण्याची आपली रीत येथे फार उपयोगी पडते.

पथ्याचे अन्न आपल्या स्वयंपाकघरात सहज होते. इतरत्र उकडलेल्या कोंबडीचा सल्ला देतात. त्याऐवजी मलई काढलेल्या दुधाचे घरचे ताजे पनीर किंवा सालीशिवायची मूगडाळ पार गळेपर्यंत शिजवून घ्यावी. दोन भाग मऊ भात आणि एक भाग पनीर अथवा डाळ. मीठ नाही, हिंग नाही, फोडणी नाही, आणि गृहिणींना जड जाईल तरी वरून तुपाची धार नाही. रताळे व गाजर अनेक ठिकाणी सुचविले जाते, पण कंदमूळ न आणणाऱ्या घराचे लाल भोपळ्यावाचून काही अडत नाही. उकडून घोटलेल्या भोपळ्याचे एक-दोन चमचे पातळ शौचालाही आवर घालतात आणि बद्धकोष्ठालाही. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरी डाळ आणि दही वेगवेगळ्या वेळी द्यावे; त्यात कुत्र्याचे काही बिघडत नाही.

हे अन्न दिवसातून चार-पाच वेळा, थोडे थोडे द्यावे. शौच दोन दिवस नीट राहिले की नेहमीचे अन्न त्यात मिसळू लागावे. पहिल्या दिवशी चतुर्थांश, मग निम्मे, असे चार-पाच दिवसांत मूळ पदावर यावे. अन्नाचा प्रकार कायमचा बदलायचा असेल, तरी हाच क्रम आठवडाभर चालवावा. दुकानातून घाईने नवीन पिशवी आणली आणि त्याच रात्री वाडग्यात ओतली, एवढ्यानेही जुलाब होतात. भात-पनीर-भोपळा हे मात्र चार-सहा दिवसांचे पथ्य आहे, वर्षाचे अन्न नव्हे. त्यात कॅल्शियम, जस्त आणि कित्येक जीवनसत्त्वे पुरेशी नसतात.

घरी थांबायचे नाही अशा वेळा ओळखता आल्या पाहिजेत. लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला ओकाऱ्या व रक्तमिश्रित, दुर्गंधीयुक्त जुलाब झाले, तर तो पार्व्हो असू शकतो. येथे तासांचा हिशेब असतो. शौच डांबरासारखे काळे येणे, पाणीही पोटात न ठरणे, हिरड्या पांढुरक्या व चिकट होणे, मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसणे, या खुणा दिसताच दवाखाना गाठावा. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचे पोट फुगले आणि ओकण्याचा प्रयत्न करूनही काही बाहेर पडत नसेल, तर जठराला पीळ बसलेला असू शकतो. त्या रात्री सकाळची वाट पाहू नये. घरातील वेदनाशामक गोळी तर कदापि देऊ नये. माणसाला चालणारे आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराला व्रण पाडते आणि मूत्रपिंडे बिघडविते.

एक तक्रार मात्र खास आपल्या घरांत दिसावी अशी आहे. कुत्रा पहाटे पिवळसर फेसाळ पित्त ओकतो, नंतर ताजातवाना असतो, दिवसभर काही त्रास नसतो. घरात चौविहार, म्हणून कुत्र्याचेही जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपते आणि पुढचा घास सकाळी नऊला. पंधरा तास रिकाम्या राहिलेल्या जठरात पित्त उलटे येते. उपाय साधा आहे, निजण्यापूर्वी थोडे अन्न. पण येथे व्रत आडवे येते. मी असे म्हणेन की, रात्रिभोजनत्याग आपण घेतलेला आहे, त्याने नव्हे. सूर्यास्तापूर्वी शिजवून झाकून ठेवलेल्यातले किंवा कोरडे खाद्य दहाच्या सुमारास पुढे ठेवावे. चूल पेटवावी लागत नाही. ज्यांचे मन यालाही घेत नाही त्यांनी निदान सकाळचा पहिला घास लवकर द्यावा. पर्युषणात ‘आमचा मोतीही उपवास करतो’ असे कौतुकाने सांगणारे लोक भेटतात. शास्त्राने संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंचाला देशविरतीपर्यंतचा अधिकार दिला आहे हे खरे, आणि जीवंधरकुमारांनी मरणासन्न श्वानाला णमोकार ऐकविला, तो देवगतीस गेला ही कथाही आपण ऐकत आलो आहोत. पण तेथे त्या जिवाचा परिणाम होता. रिकामा वाडगा हे प्रत्याख्यान नव्हे.

तीन आठवड्यांहून अधिक चाललेला त्रास वेगळ्या वर्गात मोडतो. मांसाविना कुत्रा जगतो काय, हा प्रश्न तेव्हा हमखास निघतो. मांजर जगू शकत नाही. तिचे शरीर काही द्रव्ये मांसातूनच घेते. श्वान मात्र माणसाच्या सहवासात पिष्टमय अन्न पचवायला शिकला. लांडग्याच्या तुलनेत पिष्ट पचविणाऱ्या जनुकाच्या कितीतरी अधिक प्रती त्याच्या ठायी असल्याचे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणून संतुलित शाकाहारावर तो राहू शकतो. भर ‘संतुलित’ या शब्दावर आहे. प्रौढ कुत्र्याच्या अन्नात कोरड्या वजनाच्या किमान 18 टक्के आणि पिल्लाच्या अन्नात 22.5 टक्के प्रथिने असावीत, असा प्रचलित दंडक आहे. पोळी-भाताने तो गाठला जात नाही. पूर्ण आहार म्हणून तयार केलेले शाकाहारी खाद्य घ्यावे किंवा पशुवैद्याकडून घरच्या अन्नाचे कोष्टक करून घ्यावे.

जंतांचा प्रश्नही नाजूक. कृमींमुळे जुलाब होतात, पिल्ले खंगतात, आणि काही कृमी घरातील लहान मुलांपर्यंत पोचतात. औषध देणे म्हणजे जीव मारणे, म्हणून काहीजण टाळतात. गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग आहे. आरंभी, उद्योगी व विरोधी हिंसा त्याला सर्वस्वी टाळता येत नाही. हा भेद ध्यानी घ्यावा आणि तरीही शंका उरली, तर गुरुमहाराजांना विचारावे. परंतु ती विचारण्यात पिल्लाचे दोन महिने घालवू नयेत. याहून कठीण प्रसंग जर्मन शेफर्डसारख्या जातींत येतो. स्वादुपिंडाचा पाचकरस आटतो, कुत्रा अधाशासारखा खातो आणि वाळत जातो. त्यावर दिली जाणारी पाचक पूड बहुधा डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेली असते. ती आयुष्यभर द्यावी लागते. ज्या घरी हा निर्णय करायचा आहे, तेथे पशुवैद्याला आधीच स्पष्ट विचारावे, सर्वांनी बसून ठरवावे आणि ठरेपर्यंत त्या जिवाच्या वजनाकडे डोळेझाक करू नये.

आपण व्यापारी माणसे. रोजमेळ लिहिण्याची सवय आपल्या हाडात आहे. एक छोटी वही कुत्र्यासाठी घालावी. काय खाल्ले, किती वाजता, शौच किती वेळा, पातळ की घट्ट, आव होती काय, वजन किती. पुष्कळ आणि पातळ शौच दिवसातून दोन-तीनदा होत असेल व वजन उतरत असेल, तर दोष बहुधा लहान आतड्यात. थोडे थोडे, वारंवार, कुंथून आणि आवेसह होत असेल तर मोठ्या आतड्यात. पंधरा दिवसांची अशी वही समोर ठेवली की डॉक्टरांच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे तीत आधीच लिहिलेली असतात.