देणगी नव्हे, देखभाल शुल्क

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की आपल्या घरांत आवाज खाली येतो. लोक काय म्हणतील! या शरमेपोटी अम्मी-अब्बांना ठेवायला गेलेला मुलगा ना नीट चौकशी करतो, ना कागद मागतो. ठेवावे की नाही, हा वाद आज बाजूला ठेवू. मुले जालना, अंबड, परतूर सोडून पुण्या-मुंबईला किंवा आखातात गेली, मागे अंथरुणाला खिळलेली अम्मी आहे, अशा घराला पैसे घेऊन सांभाळणारे केंद्र शोधावेच लागते. तिथे आपला हक्क काय?

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मोबदला घेऊन केलेली देखभाल ही सेवा आहे. पैसे भरणारा मुलगा ग्राहक, आणि जिच्यासाठी भरतो ती अम्मीही ग्राहकच. रात्रीची परिचारिका कबूल करून ठेवली नाही, औषधे चुकली, कूस न बदलल्याने पाठीला जखमा झाल्या, तर ती सेवेतील त्रुटी ठरते.

खरी मेख पावतीत आहे. पूर्णपणे मोफत सेवेला हा कायदा लागत नाही. म्हणून दरमहा घेतलेल्या रकमेवर ‘देणगी’ असे लिहिले गेले, तर उद्या ‘आम्ही फुकटच सांभाळत होतो’ म्हणायला वाट मिळते. पावतीवर ‘देखभाल शुल्क’ लिहून घ्या. रोख देऊ नका. (खरोखर मोफत चालणाऱ्या विश्वस्त संस्थेची तक्रार धर्मादाय आयुक्त कार्यालयात करता येते.)

करारात अनामत कधी परत मिळणार, शुल्क कसे वाढणार, दवाखान्याचा खर्च कोणाचा, हे हवेच. आपल्या घरांसाठी आणखी काही गोष्टी आहेत: जेवण हलाल असेल का, वुजूसाठी मदत मिळेल का, रमजानमध्ये औषधांच्या वेळा कोण सांभाळणार आणि इंतकाल झाल्यास मय्यत कोणाच्या ताब्यात द्यायची. हे लिहायला संकोच वाटतो खरा. पण मुदतीच्या कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरहमध्ये आहेच (आयत 282).

वाद झालाच तर आधी लेखी नोटीस द्या. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. केंद्र पुण्यात असले तरी तक्रारदार जालन्यात राहत असेल, तर तक्रार जालन्यात करता येते. 2019 च्या कायद्याने दिलेली ही मोठी सोय आहे. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र 2 वर्षांची. करारातल्या अटीच एकतर्फी असतील, उदाहरणार्थ भरमसाट अनामत, तर तो वाद राज्य आयोगाकडे जातो.

अम्मी स्वतः सहसा तक्रार करत नाही. मुलाला त्रास नको म्हणते. म्हणून भेटीला गेल्यावर खुशाली विचारून थांबू नका. तिची पाठ आणि टाचा पाहा, औषधांची पाकिटे मोजा, जखम दिसली तर तारखेसह फोटो काढा आणि त्याच दिवशी केंद्राला लेखी कळवा.