पिशवीपासून वास्तूपर्यंत

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागें खुंटीवर जुन्या धोतराची एक पिशवी टांगलेली असते. मंडईंत जातांना ती बरोबर घेण्यास आम्हांस कोणत्याहि कायद्याची गरज कधीं पडली नाहीं. म्हणूनच विलायतेंतील एका धनाढ्य पेढीनें पिशवीस पैसे आकारून निसर्गरक्षणाचें श्रेय मिळविलें, असें प्रथम वाचलें तेव्हां आम्हांस हसूं आलें. परंतु त्या पेढीचा सर्व वृत्तांत पाहतां तें हसूं फार वेळ टिकलें नाहीं. त्यांत शिकण्यासारखें बरेंच आहे, आणि आपलेंच तोंड दाखविणारा आरसाहि आहे.

ही पेढी म्हणजे मार्क्स अँड स्पेन्सर. 1884 सालीं मायकेल मार्क्स या पूर्व युरोपांतून आलेल्या यहुदी फेरीवाल्यानें लीड्स शहराच्या मंडईंत एक लहानसें दुकान मांडलें. ‘एका पेनीस कोणतीहि वस्तु’ या पद्धतीनें त्याचा जम बसला. 1894 मध्यें टॉमस स्पेन्सर हा त्याचा भागीदार झाला. कापडचोपड व खाद्यपदार्थ विकणारी ही पेढी 2008 पासून रिलायन्सच्या भागीदारीनें आपल्याकडेहि व्यापार करूं लागली. पुण्यामुंबईच्या वाचकांनीं तिची पाटी पाहिली असेल.

जानेवारी 2007 मध्यें पेढीचे मुख्याधिकारी स्टुअर्ट रोझ यांनीं पांच वर्षांत पार पाडावयाचे 100 संकल्प जाहीर केले. कर्बवायु, कचरा, कच्चा माल, माल पुरविणाऱ्यांशीं व्यवहार, ग्राहकांचें आरोग्य अशा सर्व गोष्टी त्यांत होत्या. योजनेचें नांव ‘प्लॅन ए’. पृथ्वी एकच असल्यामुळें दुसऱ्या योजनेस जागाच नाहीं, असा त्याचा भावार्थ.

मे 2008 मध्यें खाद्यपदार्थांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीस पांच पेन्स घेण्यास आरंभ झाला, आणि पिशव्यांचा खप सुमारें 80 टक्क्यांनीं उतरला. श्रीमंत देशांत पांच पेन्स म्हणजे कांहींच नव्हे. परंतु आजवर न मागतां हातीं पडणारी वस्तु आतां मागून घ्यावी लागली, आणि मागतांना मनुष्य क्षणभर विचार करितो. इतकी वर्षें वर्गांत उपदेश करण्यांत घालविलेल्या आमच्यासारख्यास हें कबूल करणें जड जातें. पण जें काम उपदेशानें झालें नसतें तें एका नाण्यानें झालें. 2015 मध्यें इंग्लंडच्या सरकारनें हीच रीत सर्व मोठ्या दुकानांस कायद्यानें लावून दिली.

2022 मध्यें या पेढीनें फळें व भाज्या यांच्या 300 हून अधिक प्रकारांवरील ‘अमुक तारखेपूर्वीं उत्तम’ हे शिक्के काढून टाकले. तारीख उलटली म्हणून चांगलें अन्न लोक फेकून देत होते. हें आम्हीं घरांत वाचून दाखविलें तेव्हां आमचें कुटुंब तांदूळ निवडीत होतें. मान वर न करतांच उत्तर आलें, “म्हणजे साहेबाला शेवटीं आपलं नाक सांपडलं म्हणायचं!”

येथवर सर्व ठीक. पण पुढचा हिशेब इतका सरळ नाहीं. 2008 मध्यें ऑक्सफॅम या धर्मादाय संस्थेशीं पेढीनें असा करार केला कीं, पेढीचे जुने कपडे संस्थेस देणाऱ्यास पांच पौंडांची सवलतीची चिठ्ठी मिळावी. मात्र ती चिठ्ठी 35 पौंडांच्या खरेदीवरच चाले. आमच्या वाड्यांत येणारी बोहारीण जुन्या लुगड्याबद्दल भांडें देई, नवें लुगडें घ्या म्हणत नसे! दान झालें हें खरें. पण कपाट पुन्हां भरलें, हेंहि खरें.

2012 मध्यें, ब्रिटन व आयर्लंडमधील आपल्या कारभाराचा कर्बभार शून्य झाला, असें पेढीनें जाहीर केलें. तिनें आधीं स्वतःची उधळपट्टी कमी केली होती, हें तिच्या पदरीं घातलेंच पाहिजे. परंतु जो भार उरला तो इतरत्र कोणीं तरी केलेली बचत विकत घेऊन फेडलेला होता. हा प्रकार एकादशीला आपण जेवावें आणि दक्षिणा देऊन शेजाऱ्याकडून उपास करवावा, अशासारखा आहे. शिवाय दुकानदाराचा खरा भार दुकानांतील दिव्यांत थोडा व विकलेल्या मालांत फार असतो. शेतांत, गिरणींत, गोठ्यांत आणि गिऱ्हाइकाच्या धुलाईंतहि. 2021 मध्यें पेढीनें ही सारी सांखळी 2040 पर्यंत निव्वळ शून्यावर आणण्याचें ठरविलें तें याचमुळें.

आणि त्याच 2021 सालीं, लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील आपलें 1930 च्या सुमाराचें दुकान पाडून नवी वास्तु उभारण्याचा प्रस्ताव पेढीनें मांडला! सिमेंट भाजण्यांत व पोलाद वितळविण्यांत अपार कर्बवायु निघतो. या एका बांधकामाचा आंकडा सुमारें 40 हजार टन, असें विरोधकांनीं दाखविलें. नवी इमारत वीज कमी खाईल व कालांतरानें तें भरून निघेल, असें पेढीचें म्हणणें. 2023 मध्यें मंत्र्यांनीं परवानगी नाकारली, 2024 च्या मार्चमध्यें न्यायालयानें तो निर्णय रद्द केला आणि डिसेंबरांत परवानगी मिळाली.

पेढीस हंसण्याचा अधिकार आम्हांस आहे काय? वर सांगितलेली खुंटी एका नव्या इमारतींतील आहे. जेथें बोहारीण येई, तो आमचा वडिलोपार्जित वाडा पाडून ती उभी राहिली. वाडा गळत होता, जिने मोडकळीस आले होते, मुलांना जागा अपुरी होती. कारणें सर्व खरीं होतीं. तरी सही करतांना, भाजीच्या पिशवीचा हिशेब ठेवणाऱ्या आम्हीं सागवानी तुळयांचा व जाड भिंतींचा हिशेब एकदांहि मांडला नाहीं. डागडुजी करून तो आणखी चाळीस वर्षें राहिला असता कीं नाहीं, हें कोणास विचारलेंहि नाहीं.

लहान काटकसर सोडूं नये. मनास वळण तिनेंच लागतें. पण तिच्या समाधानांत मोठा खर्च डोळ्यांआड होऊं देऊं नये. वाचकांपैकीं ज्यांचे वाडे अद्याप उभे आहेत, त्यांनीं सही करण्यापूर्वीं हा हिशेब एकदां अवश्य मांडावा, एवढीच आमची विनंति आहे.