स्टोनहेंजच्या गाईची दाढ

इंग्लंडमधल्या स्टोनहेंजच्या दक्षिण प्रवेशाजवळ १९२४ साली गुराचा एक जबडा सापडला. तो तिथे मुद्दाम ठेवलेला होता. काळ इसवीसनपूर्व २९९५ ते २९००, म्हणजे या स्मारकाच्या अगदी सुरुवातीचा. हे जनावर आले कुठून, याचे उत्तर शंभर वर्षांनी, २०२५ मध्ये त्याच्याच दाढेने दिले.

एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंना समस्थानिके म्हणतात. त्यातली जी किरणोत्सर्गाने क्षय पावत नाहीत, ती स्थिर. दाताचे एनॅमल तयार होताना चाऱ्यापाण्यातली समस्थानिके त्यात बसतात आणि हजारो वर्षे तशीच राहतात. एनॅमल थराथराने वाढते. त्यामुळे दाढेचे वरपासून खालपर्यंत तुकडे पाडले, की जनावराच्या आयुष्यातले महिने क्रमाने वाचता येतात.

ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे, कार्डिफ विद्यापीठ आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी या जनावराच्या तिसऱ्या दाढेचे नऊ तुकडे केले. ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून कळले, की त्यांत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचे सुमारे सहा महिने आहेत. दाट झाडीतल्या पाल्यात जड कार्बन कमी असतो. त्यावरून हिवाळ्यात रानातला पाला आणि उन्हाळ्यात मोकळ्या कुरणातले गवत असा चारा दिसला. खडकांतले स्ट्रॉन्शियम मातीतून गवतात आणि गवतातून दातात येते. ते ऋतूंनुसार बदलले होते, म्हणजे चारा तरी निरनिराळ्या भागांतून येत होता किंवा जनावर तरी हिंडत होते.

खरी कमाल शिशाने केली. हिवाळा सरता सरता दाढेतल्या शिशाची समस्थानिके एकदम बदलली होती, आणि त्यांचा मेळ वेल्समध्ये आढळणाऱ्या प्राचीन खडकांशी बसत होता. हे शिसे हाडांत आधीपासून साठलेले असावे. गाभणपणात किंवा दूध देताना हाडे झिजतात, तेव्हा ते रक्तात उतरते. जनावर मादी असण्याची शक्यता प्रथिनांच्या चाचणीतूनही दिसली.

स्टोनहेंजचे निळसर दगड वेल्सचेच, हे भूशास्त्राने आधीच सिद्ध केले आहे. म्हणून या गाईने ते ओढले, असे मात्र म्हणता येत नाही; दाढ ठिकाण सांगते, काम नाही. पण वेल्सशी नाते दगडांपुरते नव्हते, या मताला आता बळ मिळाले आहे. उत्खननात निघालेली जनावरांची हाडे म्हणूनच नीट जपून ठेवायला हवीत. १९२४ साली हा जबडा फेकला असता, तर आज तपासायला काहीच उरले नसते.